दुसऱ्या द्रावणाआधी

चहात बिस्किट बुडवून ते कधी मोडून पडतं हे ती बघत बसायची, खायची नाही. फोनवर बोलताना खोलीभर येरझारा. बसली की एक पाय हलत राहायचा. लावलेलं कुलूप ओढून बघायची, अर्ध्या जिन्यावरून परत येऊन पुन्हा ओढायची. कुणाच्याही घरी औषधाची नवी गोळी दिसली की आधी तिला नखाने खरवडायची.

आप्पा, तिचे वडील, तिला भिंगरी म्हणत. मी त्यांच्या वरच्या खोलीत भाड्याने राहते. मी तिला ताई म्हणते. म्हणत होते.

ताई औषधांच्या प्रयोगशाळेत होती. आप्पांना ती रोज पोटात जे इंजेक्शन द्यायची, त्याच औषधाची गोळी करायचं तिचं काम. मी साहित्याची, म्हणून तिने सोपं करून सांगितलं होतं.

"हे औषध म्हणजे प्रथिनाचा बारका तुकडा. गिळलं की पोट त्याला जेवण समजून पचवून टाकतं. पोटातून वाचवलं, तर आतड्याची भिंत आत घेत नाही. शंभरातला एखादा भाग रक्तात पोचला तरी नशीब."

"मग टोचलेलं काय वाईट?"

"आप्पांना विचार."

आप्पांच्या पोटावर निळेकाळे डाग होते. मागच्या हिवाळ्यात त्यांनी सुई ढकलून दिली. "चाळण झालीय माझी. बास आता."

तेव्हा दोघांचं ठरलं. तिची गोळी पास किंवा नापास होईपर्यंत आप्पांनी निमूट टोचून घ्यायचं. पास झाली तरी ती माणसांपर्यंत यायला वर्षं लागणार, हे दोघांनाही ठाऊक होतं. तरी आप्पा रोज संध्याकाळी विचारायचे, "झाली का गं गोळी?"

एकदा तिने गोळीवरचं कवच फारच पक्कं केलं. गोळी पोटासारख्या आम्लात टिकली, पण पुढच्या, आतड्यासारख्या द्रावणातही ढिम्म विरघळेना.

"म्हणजे गेली तशी बाहेर," आप्पा म्हणाले. "भिंगरे, हे औषध नाही, गोटी आहे. नापास."

"कवच नापास. गोळी नाही."

"सोयीने नियम बदलतेस."

"कुणाची मुलगी आहे?"

मंगळवारी तिने पातळ कवचाच्या गोळ्या आम्लात सोडल्या. त्या आत असतानाच ती प्रयोगशाळेच्या जिन्यात कोसळली. मेंदूत रक्तस्राव, डॉक्टर म्हणाले. मी दवाखान्यात पोचले तेव्हा ती गेलेली होती. तिच्या कोटाच्या खिशात अर्धं बिस्किट होतं.

त्या दिवसापासून मी सुई पुढे केली की आप्पा तोंड फिरवत. काल तिची सहकारी ताईची पिशवी घेऊन आली. आप्पांनी तिला बसही म्हटलं नाही.

"झाली का गोळी?"

ती गोंधळली. मग म्हणाली, "आम्लात टिकल्या, काका. एकही फुटली नाही."

"आणि दुसऱ्यात?"

"त्यात टाकायच्या राहिल्या."

"म्हणजे पास नाही."

"नाही."

"नापासही नाही."

"नाही, काका."

आप्पांनी सदरा वर केला. मग माझ्याकडे बघितलं. मी सुई हातात धरून उभीच राहिले.

"टोच," ते म्हणाले. "एव्हाना ती दोनदा खेकसली असती."

सहकारी सांगत होती, द्रावण ढवळणारं यंत्र बंद केलंय, पण भांडी कुणी हलवली नाहीत. आम्लात गोळ्या अख्ख्या आहेत. शेजारी ताईने कोमट करून ठेवलेलं दुसरं द्रावण आता गार झालंय. त्यात अजून काही टाकलेलं नाही.