पाण्यावरची मडकी

नव्या माठातल्या पाण्याला मातीचा वास येतो. माझ्या घरात म्हणूनच माठ नाही. तो वास आला की मी पुन्हा डिंभे धरणाच्या काठावर, निरगुडीमागे बसलेली असते.

थोरला दादा बदकं धरायला पाण्यात उतरत होता. बदकं बुजू नयेत म्हणून त्यानं आधीच रिकामी मडकी पाण्यावर सोडून ठेवली होती. आता तसंच एक मडकं, डोळ्यांपुरती भोकं पाडलेलं, त्यानं डोक्यावर पालथं घातलं. हळूहळू जवळ जायचं आणि पाण्याखालून बदकाचे पाय ओढायचे.

"पाणी गळ्याच्या वर न्हाई. खाली आपलंच वावर हाय," तो म्हणाला. "तू हलू नको. बदकं उडाली तर समज, मी चुकलो."

धरणात बुडालेल्या त्या वावरात आमची विहीरही होती. ती कुठं आहे हे त्याला पाठ होतं, पण बांधावरच्या आंब्यावरून. आंबा पाण्यात कधीच कुजून गेला होता.

मडकी डुलत राहिली. त्यातलं दादाचं कुठलं, ते मला ओळखू येईना. मग भोकं पाडलेलं मडकं रिकामंच काठाला लागलं. संध्याकाळी दादा विहिरीत सापडला.

मी किंचाळेपर्यंत एकही बदक उडालं नव्हतं.