सुईणीच्या नावावर लागलेले मृत्यू

एका मंगळवारी दुपारी माझी पत्नी बाळंतपणात वारली. त्याच्या आदल्या वर्षी, दाभोळच्या खाडीकाठी फौजदार असताना, मी एका सुईणीविरुद्धचा अर्ज निकाली काढला होता. या दोन गोष्टी मला वेगवेगळ्या आठवत नाहीत.

अर्ज निनावी होता. खाडीपलीकडची सुईण बाळंतिणींना कसली तरी मुळी देते आणि पोरे मारते; चार महिन्यांत तीन मेली, असे त्यात लिहिले होते. पोलीस पाटलांच्या जन्ममृत्यूच्या वहीत तिन्ही नोंदी सापडल्या. तिन्ही घरी हीच गेली होती. ठाण्यात तेवढ्यावरच सगळ्यांचे मत ठरले. मीही पंचांसमोर तिच्या डब्यातली मुळी जप्त करून मुंबईला तपासायला पाठवली.

जबाबासाठी ती ठाण्याच्या ओसरीवर बसली. साठीची बाई, मासे विकणाऱ्या घरातली.

"तीन पोरं गेली, हे खरं?"

"खरं. गेल्या साली दोन गेली, ती अर्जात न्हाय वाटतं?"

शिपाई हसला. मी त्याला बाहेर पाठवले.

"सायेब, सुखानं मोकळी होनारी बाई मला कशाला बोलावील? तिला वरच्या वाडीची सुईण हाय. नारळ नि चोळी तिला. दोन दिस अडली, की मग होडी माझ्या दारात. मला कवा बोलावली, ता इचारा की त्यांना."

हे कोणी विचारलेच नव्हते. मी तिन्ही घरी गेलो. एकीकडे तिला दुसऱ्या दिवशी बोलावले होते, दुसरीकडे तिसऱ्या. तिसऱ्या घरी ती पोचली तेव्हा मुलाचा हात आधीच बाहेर आला होता.

मग तिने सोडवलेल्या अडलेल्या बायका किती, असे मी पाटलांना विचारले. वहीत जन्म होते, सुईणीचे नाव कुठेच नव्हते.

"जगलेल्या पोराचा अर्ज कोण करतो, साहेब?" पाटील म्हणाले.

चार दिवस वाड्यावाड्यांतून फिरलो. अशी नऊ पोरे मला अंगणात खेळताना सापडली. मुंबईच्या तपासणीत मुळी साध्या वेखंडाची निघाली. लोक अज्ञानामुळे चुकीचा हिशेब करतात, असे मी अहवालात लिहिले. ते वाक्य तेव्हा मला फार आवडले होते.

पुढच्या वर्षी पत्नीचे दिवस भरत आले. "तिलाच आधी सांगून ठेवा," ती म्हणाली. "तुम्हीच तर लिहिलंत ना?"

मी हो म्हणालो. पण कळा सुरू झाल्या तेव्हा मला ती नऊ पोरे आठवली नाहीत. तीन घरे आठवली. मी वरच्या वाडीच्या सुईणीला बोलावले. दुसऱ्या दिवशी सकाळी शिपायाला होडीने पलीकडे पाठवावे लागले.

ती आली. "कवापास्नं?" तिने विचारले. मी सांगितले. तिने क्षणभर माझ्याकडे पाहिले आणि आत गेली. मुलगी तिने वाचवली.

नोकरीत मी अनेकांना खोटे बोलताना पकडले. या प्रकरणात कोणीच खोटे बोलले नव्हते. लोकांनी जे डोळ्यांपुढे आले तेवढेच मोजले. मला बाकीचेही ठाऊक होते, आणि भीती वाटली तेव्हा मीही तेवढेच मोजले.

सुईण आता हयात नाही. मुलगी इंग्रजी दुसरीत आहे. खाडीपलीकडे अजून सांगतात, की फौजदाराची बायकोसुद्धा तिच्याच हातून गेली.