‘रे’ला बोट दाबावं लागतं

उसाच्या ट्रॉलीमागं रस्त्यावर कांड्या पडत जातात. मुद्दाम कोणी टाकत नाही, पण हंगाम संपेपर्यंत कडेला ढीग दिसायला लागतो. आमच्या रविवारच्या क्लासचे किस्से तसेच साचले.

न्हावऱ्यात खताच्या दुकानावरच्या खोलीत आम्ही बॅरिटोन युकुलेले शिकतो. मॅडम दौंडच्या, शाळेतून रिटायर झालेल्या. शिकणारे तिघं. निमोण्याचा सोपान, कंपनीत शिफ्टला जाणारा. इथलेच आप्पा, घरी गोठा असलेले. आणि शिरूरहून एसटीनं येणारी मी.

*

पहिल्या दिवशी सोपाननं वाद्य उलटंसुलटं करून पाहिलं. दिसायला गिटारच, पण लहान. तारा चारच, आवाज मात्र जाड, भरदार.

"मॅडम, हे गिटारचं रेडकू हाय का?"

आम्ही हसलो. आप्पा हसले नाहीत.

"रेडकाचं माहीत न्हाई," ते म्हणाले, "मी म्हशीसाठी आलोय."

सोपाननं वाद्य सुलटं करून मांडीवर घेतलं.

*

आप्पांची चंद्री ही त्यांच्या बायकोच्या, म्हणजे काकूंच्या हातची म्हैस. काकू धार काढताना जाड आवाजात काहीतरी गुणगुणायच्या, आणि चंद्री पान्हा सोडायची. काकू वारल्या आणि चंद्रीनं दूध चोरायला, वर ओढून धरायला सुरुवात केली. पेंड बदलून झाली, डॉक्टर येऊन गेला. शेवटी आप्पांनी स्वतः गाऊन पाहिलं.

"माझा आवाज ऐकला आन् बादलीला लाथ घातली तिनं!"

मुलगा म्हणत होता, विकून टाकू. त्याचंही चूक नव्हतं. नुसतं खाणारं जनावर किती दिवस उभं ठेवायचं? पण रेडकू होती तेव्हापासून काकूंनी वाढवलेली. "ती टेम्पोत चढली," आप्पा म्हणाले, "की घरात तुमच्या काकूचं असं काय राहतंय मग?"

म्हणून पुण्याच्या पुतण्याकडून त्यांनी हे वाद्य मागवलं. आवाज काकूंसारखा जाड आहे म्हणून!

*

मॅडमनी पेंटाटॉनिक स्केल शिकवली. "पाचच सूर. सा, रे, ग, प, ध. म आणि नी सुट्टीवर."

"सुट्टीवरचे मधीच कामावर आले तर?" सोपान.

"तर तुझ्यासारखं वाजतं!"

आप्पांनी ते पाच सूर मॅडमकडून पुन्हापुन्हा वाजवून घेतले. मग हळूच म्हणाले, "हेच गायची ती. कुठं शिकली असंल?"

मॅडमनी वाद्य त्यांच्या हातात दिलं.

अडचण एकच होती. 'सा'च्या तारेवर दोन घरं पुढं बोट दाबलं की 'रे' येतो. आप्पांचं बोट विळ्यानं घडलेलं. ते शेजारच्या तारेवरही बसायचं. प्रत्येक वेळी तिथं नुसता खट्ट असा मेलेला आवाज.

"नेमकी त्याच्यावरच थांबायची ती," आप्पा म्हणायचे. "जरा जास्तच थांबायची."

*

एकदा आम्ही सगळे खाली चहाला गेलो होतो. वरची खोली कुलूपबंद, आणि वरून सूर ऐकू यायला लागले. सा. प. ग. सोपानचा कप हातातच राहिला.

"मॅडम, आपण तर समदी इथं हाय."

वर जाऊन कुलूप काढलं. खिडकीत ठेवलेल्या युकुलेलेवर पडद्याची झालर वाऱ्यानं घासत होती!

मॅडम हसल्या. "चारही मोकळ्या तारा याच स्केलमधल्या. पडदा वाजवेल नाहीतर म्हैस शेपटीनं वाजवेल, बेसूर होणार नाही. फक्त 'रे' यायचा नाही. त्याला बोट दाबावं लागतं."

"म्हंजी भूत ओळखायची टेस्टच झाली की!" सोपान म्हणाला. तेव्हा सगळ्यात मोठ्यानं मीच हसले होते.

*

आप्पांनी गोठ्यात वाजवून पाहिलं. पुढच्या रविवारी आम्ही विचारलं, काय झालं?

"चंद्रीनं रवंथ थांबवला. कान टवकारले. पण माझ्याकडं बघंना. दाराकडं बघत राहिली."

"दारात कोण व्हतं?" सोपान.

"कोण न्हाई. मेलेला 'रे' वाजला आन् तिनं मान फिरवली." आप्पा म्हणाले, "वाट बघून कट्टाळल्यावानी."

येत्या रविवारी सकाळी चंद्रीला न्यायला व्यापारी येणार होता.

*

त्या रविवारी आप्पांच्या सोबतीला कोणीतरी असावं म्हणून मी पहिल्या एसटीनं आले. सोपान शिफ्ट संपवून स्टँडवर थांबला होता. त्याच्या गाडीवर बसून आप्पांच्या वस्तीवर गेलो. दारात टेम्पो उभा होता. घेण्याआधी समोर धार काढून बघायची, ही व्यापाऱ्यांची रीत. म्हणून सगळे गोठ्याकडं गेलेले.

वारा अजिबात नव्हता. शेवग्याचं पान हलत नव्हतं.

गोठ्यातून सूर येत होते. सा, रे, ग, प, ध. 'रे' अगदी स्वच्छ, आणि त्याच्यावर लांब थांबून पुढं.

"आप्पांना जमलं की वो ताई!" सोपान खूश होऊन पुढं धावला, आणि दाराशीच थांबला.

व्यापारी उंबऱ्याबाहेर उभा होता. चपला काढून. शेजारी आप्पांचा मुलगा, हात जोडून.

आत आप्पा चंद्रीच्या पोटाला डोकं टेकवून बसले होते. दोन्ही हातांनी धार चालू होती. बादलीत फेस वर आलेला. चंद्रीची शेपटी निवांत लोंबत होती. युकुलेले लांब, पलीकडच्या भिंतीवर, खुंटीला टांगलेलं; जवळ कोणी नाही, आणि सूर चालूच.

मी दबक्या आवाजात हाक मारली, "आप्पा..."

त्यांनी मागं पाहिलं नाही.

"हळू बोला, ताई. 'रे'वर थांबलीय ती."