पाय स्वच्छ धुऊन यावे

निवृत्त होईपर्यंत मी शाळेत भूमिती शिकवली. भूमितीत आधी काय दिले आहे ते लिहायचे, मग काय सिद्ध करायचे आहे ते. त्याच क्रमाने सांगते.

पक्ष असा: पकडले गेले त्याच दिवशी संध्याकाळी प्रभू येशू जेवणावरून उठले, कमरेला पंचा बांधला, घंगाळात पाणी घेतले आणि आपल्या बारा शिष्यांचे पाय धुतले. त्या काळी हे काम घरातल्या गड्याचे होते. मी केले तसे तुम्हीही एकमेकांसाठी करा, एवढेच त्यांनी सांगितले. साध्य असे: लोणावळ्यातली आमची मंडळी, म्हणजे आमच्या चर्चमध्ये उपासनेला जमणारे आम्ही सगळे, ते दरवर्षी करतो. सिद्धता आम्ही कमिटीकडे सोपवली आहे आणि कमिटीची सचिव मी आहे.

ही उपासना ईस्टरआधीच्या पवित्र गुरुवारी संध्याकाळी होते. समोर बारा खुर्च्या मांडतात, त्यांवर मंडळीतली बारा माणसे बसतात आणि आमचे धर्मगुरू, म्हणजे पाळकसाहेब, त्यांचे पाय धुतात. पूर्वी एवढेच असे. मग एका वर्षी उर्से टोलनाक्यावर काम करणारे एक सभासद ड्यूटी संपवून थेट खुर्चीवर येऊन बसले. दिवसभराचे बूट, नायलॉनचे मोजे आणि चैत्रातले ऊन यांचा जो परिणाम व्हायचा तो झाला. पुढच्या बाकांवरच्या बायकांनी पदर नाकाला लावले. त्यानंतरच्या बैठकीत नियम झाला की ज्यांचे पाय धुवायचे आहेत त्यांनी पाय स्वच्छ धुऊन यावे. फाटकाजवळच्या नळावर साबण, घासायचा दगड आणि टॉवेल ठेवण्यात आला. पुढे नखांचे कलम वाढले, मग कोमट पाण्याचे, मग पाण्यातल्या गुलाबपाकळ्यांचे. एक भगिनी बाजारातल्या पार्लरमध्ये जाऊन पायांची सारी निगा करून आल्या आणि पाळकसाहेब समोर वाकल्यावर, नेलपॉलिश अजून ओले आहे, बोटांना पाणी लावू नका, असे त्यांनी खुणेने सांगितले.

हे सारे नियम मीच सुवाच्य अक्षरांत लिहून सूचनाफलकावर लावले. स्वतंत्रपणे पाहिला तर प्रत्येक नियम समंजस आहे. मला आजही त्यांत चूक सापडत नाही. भूमितीतही कधी असे होते. प्रत्येक पायरी बरोबर दिसते आणि शेवटी त्रिकोणाच्या कोनांची बेरीज भलतीच येते.

बाराव्या खुर्चीचा प्रश्न तीन वर्षांपूर्वी उद्भवला. रविवारच्या शाळेतल्या मुलांना समजावे म्हणून कोणीतरी प्रत्येक खुर्चीच्या पाठीला एकेका शिष्याचे नाव चिकटवले. पहिला पेत्र आणि बारावा, यादीत शेवटी येतो म्हणून, यहूदा इस्कर्योत, गुरूला शत्रूच्या हाती देणारा. त्या खुर्चीवर कोणी बसेना. नावे काढून टाकली, तरी शेवटची खुर्ची कोणती ते सर्वांना दिसतच होते. तेव्हापासून पाळकसाहेब अकरा जणांचे पाय धूत, बाराव्या खुर्चीसमोर थोडे पाणी ओतत आणि पंच्याने हवा पुसत. पुण्याहून आलेल्या एका पाहुण्यांनी हा भाग फार अर्थपूर्ण वाटल्याचे सांगितले, म्हणून कमिटीने तो कायम केला.

यंदा ईस्टरनंतर पाळकसाहेब निवृत्त होणार होते. महिनाभर आधी त्यांनी मला बोलावून घेतले.

“बाई, जाण्यापूर्वी मला एकदा बाराही जणांचे पाय धुवायचे आहेत,” ते म्हणाले. “हा आपल्याला धरून देणार हे ठाऊक असून प्रभूंनी ज्याचे पाय धुतले, नेमका तोच आपण गाळला. अकराच मिळणार असतील तर मी घंगाळ उचलणार नाही.”

मी बैठक बोलावली. सूचना भराभर आल्या. एकजण म्हणाले, खुर्च्या गोलाकार मांडू, म्हणजे शेवट उरणार नाही. मी दाखवून दिले की वर्तुळाला शेवट नसला तरी पाळकसाहेब कुठूनतरी सुरुवात करतील आणि जिथे थांबतील तो बारावा. दुसऱ्यांनी दोन्ही टोकांकडून आत यावे असे सुचवले. मग शेवटचा मधोमध येईल हे ध्यानात येताच मधे बसणाऱ्या दोघांनी आपली नावे मागे घेतली. महिला संघाच्या अध्यक्षांचे म्हणणे होते की खुर्च्या तेरा मांडाव्यात, म्हणजे यहूदा तेराव्यावर जाईल आणि ती रिकामी ठेवता येईल. येशूच्या शिष्यांत एकाची भर घालण्याचा अधिकार स्थानिक कमिटीला आहे का, यावर बराच वेळ गेला.

शेवटी कोणीतरी हळूच म्हणाले की शास्त्राप्रमाणे शिष्यांची पैशांची थैली यहूदाकडे असे. सगळ्यांचे डोळे खजिनदारांकडे वळले. खजिनदार रेल्वेच्या सिग्नल खात्यातून निवृत्त झालेले अत्यंत सरळ गृहस्थ. त्यांनी चष्मा काढला, पुसला आणि पुन्हा लावला.

“माझी खुर्ची पहिली,” ते म्हणाले. “बाराव्यापासून जास्तीत जास्त लांब. बाई टेप घेऊन मोजून देतील.”

ते तसे लिहून घेतले गेले. पण नजरा एकदा वळल्या की परत वळत नाहीत. महिनाभर त्यांना भाजीबाजारात भेटेल तो विचारी, “काय भाऊ, थैली आणली ना?” आणि ते भाजी न घेताच घरी जात.

बैठकीहून परतताना माझ्या मनात आले की प्रभू येशू स्वतः आज आले असते, तर आम्ही त्यांना कुठे बसवले असते? या प्रश्नाचे सोपे उत्तर मला मान्य नाही. संघटना निर्माण झाली नसती तर ती आठवण जेरुसलेममध्ये ते जेवण झाले त्या माडीवरच संपली असती. कोणीतरी घंगाळ जपले म्हणून ती घाट चढून लोणावळ्यात पोचली. पण पोचेपर्यंत तिच्यावर वेष्टने इतकी चढली की आत काय आहे ते हाताला लागेना. त्यांनी पंचा दिला होता. आम्ही पंचा कोणी धरायचा याची उपसमिती नेमली, आणि तिची एकमेव सदस्य मीच आहे.

बुधवारपर्यंत बाराव्या खुर्चीसाठी कोणी मिळाले नाही, तेव्हा मी स्कूटर काढली आणि कुरवंड्याला गेले. तिथले एक शेतकरी आबा आमच्याकडे वर्षानुवर्षे तांदूळ घालतात; त्यांच्या नातवाला मी शिकवले आहे. ते हिंदू आहेत. बाहेरचा माणूस चालेल का, हे मी नियमांत पाहिले. असा प्रश्न कधी येईल हे कोणाच्या मनात आले नव्हते, त्यामुळे मनाईही नव्हती.

आबांनी सारे ऐकून घेतले. “माजं पाय धुनार? आमच्यात जावयाचं धुत्यात, बाई. ह्या वयात मला जावई करताय व्हय?”

“करा की,” आतून त्यांच्या कारभारणीचा आवाज आला. “न्या तिकडंच कायमचं.”

कोणालाही अर्धी माहिती देऊन कामाला लावणे मला पटत नाही, म्हणून ती खुर्ची कोणाची समजतात आणि त्याने काय केले तेही मी त्यांना क्रमवार सांगितले. आबांचा चेहरा उजळला.

“म्हंजे आमच्या दुर्योधनावानी. जत्रंच्या नाटकात दुर्योधन दरसाल मीच व्हतो, बाई. कुनीतरी व्हावंच लागतं, न्हाईतर ख्योळ हुबा ऱ्हात न्हाई. येतो.”

गुरुवारी संध्याकाळी पाळकसाहेबांनी मला विचारले, बारावा आला का? मी खिडकीतून पाहिले; आबा पांढरे धोतर नेसून फाटकाशी उभे होते. आले आहेत, मी म्हणाले. पाळकसाहेबांनी घंगाळ उचलले.

पहिल्या खुर्चीवर खजिनदार होते. तिथून एकेक करीत पाळकसाहेब पुढे सरकत राहिले आणि पंचा धरून मी त्यांच्यामागे. नवव्या खुर्चीपाशी मी मान वर केली तर बारावी रिकामीच. तेवढ्यात फाटकावर नेमलेले सभासद वाकून माझ्याजवळ आले आणि त्यांनी कानात सांगितले ते असे. नियमाप्रमाणे त्यांनी आबांना नळावर नेले. आबांनी साबण लावून, दगडाने टाचा घासून पाय धुतले, टॉवेलने पुसले. सभासदांनी त्यांचे आभार मानून चहा दिला. चहा पिऊन आबा म्हणाले की सोय लय बेस केलीया, आणि सुट्ट्यांच्या गाड्यांनी रस्ता तुंबायच्या आत निघतो. कुरवंड्याच्या जीपमध्ये बसून ते गेले होते. विधी आटोपला असा त्यांचा समज झाला. आणि निव्वळ पाय धुण्याचा विचार केला तर तो आटोपलाही होता.

अकरावे पाय झाले. पाळकसाहेबांनी घंगाळ बाराव्या खुर्चीसमोर ठेवले आणि रिकाम्या जागेकडे पाहिले. ते हवा पुसतील या अपेक्षेने मी पंचा पुढे केला. त्यांनी तो घेतला नाही. ते सावकाश वळले आणि स्वतःच त्या खुर्चीवर बसले.

बाकांवर कुजबुज झाली. पाळकांचे पाय कोणी धुवावेत याविषयी आमच्याकडे एकही कलम नाही. एका ज्येष्ठ सभासदांनी मला भुवया उंचावून विचारले. मी मान हलवून नाही म्हटले.

“कोणी येतंय का?” पाळकसाहेब म्हणाले. “की अकरावरच थांबायचं?”

खजिनदार पहिल्या खुर्चीवरून उठले. जे अंतर त्यांनी मागून घेतले होते ते सारे त्यांना ओल्या पायांनी, सर्वांसमोर चालावे लागले. ते बाराव्या खुर्चीपाशी आले आणि एक हात घंगाळाच्या काठावर टेकून जमिनीवर बसले.

“साहेब, बूट काढा.”

पाळकसाहेब ओशाळले. “राहू द्या हो. मी धुऊन आलेलो नाही.” नियम बसणाऱ्यांसाठी होता, त्यांना तो लागू नव्हता.

“मग तर धुवायलाच हवेत,” खजिनदार म्हणाले आणि त्यांनी स्वतःच नाडी सोडली.

टाचांना भेगा होत्या, बोटांवर मोज्यांचे वळ होते. खजिनदारांनी दोन्ही पाय नीट धुतले, बोटांच्या बेचक्यांतूनसुद्धा. मी पंचा दिला. पुसून झाल्यावर आशीर्वाद देण्यासाठी पाळकसाहेबांनी उठायचे होते, पण खजिनदारांचा गुडघा तोवर धरला होता आणि ते साहेबांच्या मांडीला धरून बसले होते. उठावे तर ते कलंडले असते. म्हणून पाळकसाहेबांनी आशीर्वाद त्याच खुर्चीतून, अनवाणी, बसूनच दिला. मंडळी उभी राहिली, माना लवल्या. खजिनदारांनी तो खालूनच घेतला.