उघडं ठेवलेलं पान

पांढरकवड्याच्या कापूस खरेदी केंद्रासाठी नंबर लावायची वेबसाइट मी बनवली होती, यवतमाळात बसून, कोणालाही फुकटात वापरता येणाऱ्या एका फ्रेमवर्कवर. फ्रेमवर्क म्हणजे वेबसाइटचा तयार सांगाडा. जगभरचे लोक तो मिळून दुरुस्त करतात. त्या वर्षी बाजारात कापसाला भाव नव्हता, त्यामुळे हमीभावाच्या या केंद्रावर ही गर्दी!

मग बोंब सुरू झाली. नोंदणीवर बसणाऱ्या पोरीनं भरलेले काही नंबर गायब. लोक म्हणाले, तिनं व्यापाऱ्याला विकले. केंद्रावरच्या साहेबानं तिला घरी बसवलं. तिचे अब्बा गावात ट्रक दुरुस्त करत. त्यांनी तिच्याशी बोलणंच सोडलं.

माझं कोड पाहून पाहून मी वैतागलो, चूक काही सापडेना. शेवटी केंद्रावर गेलो आणि तिच्या जागी आलेल्या नव्या माणसाशेजारी बसलो. तो सकाळीच फॉर्म भरून पान तसंच उघडं ठेवायचा आणि गाडी वजनकाट्यावर आली की बटण दाबायचा.

"इथं सारे असंच करतात," तो म्हणाला. "रांगेत गाडी लावून चहाले जातो ना आपण? तसंच."

अरे देवा! तेवढ्या वेळात फ्रेमवर्क ते पान शिळं ठरवायचं, नोंद फेकून द्यायचं आणि वर 'नोंद झाली' म्हणून दाखवायचं.

साहेब मानेना. "स्वतःची चूक दुसऱ्यावर ढकलता काय? त्या फ्रेमवर्कवाल्यांनी कबूल केलं तर पाहू."

दुरुस्ती लिहून मी फ्रेमवर्कवाल्यांना पाठवली. उत्तर आलं: इतका वेळ पान कोण उघडं ठेवतं? डोकंच फिरलं माझं. आमच्याकडं सारे ठेवतात, बाबा! पुन्हा समजावलं, पुन्हा पाठवलं. हंगाम सरल्यावर कुठं त्यांनी ती घेतली. आनंद वगैरे झाला नाही, जीव नुसता थकून गेला होता.

पोरीला सांगायला गेलो, तर म्हणाली, "मले काहून सांगता? मले ठाऊकच होतं. अब्बाले सांगा."

गॅरेजात अब्बा ट्रकखाली होते. बाहेर आले, फडक्यानं हात पुसत सगळं ऐकलं.

"म्हंजे पोरीनं नाही केलं?"

"नाही, चाचा."

"हे तं ती पयल्याच दिवशी सांगून राह्यलती." ते टायरवर बसले. "पोटच्या पोरीचं नाही आइकलं मी. तुम्ही सांगतलं तं लगेच पटलं."