नरहरचं इमान

नरहर हिवतापानं गेल्याचं मला जिनाच्या फाटकातच कळलं. चारच दिवसांपूर्वी भेटलो होतो. अंगावर घोंगडी, डोळे लाल, मांडीवर कागदी विमान... कपाळाला हात लावला तर म्हणाला, "माझं राहू दे, शेपटीची आडवी पाटी बघ, बराबर तिरकी हाय का."

कापसाच्या जिनात आम्ही दोघे फिटर. हिंगोलीवरून एकदा खरं विमान गेलं आणि ह्याला वेड लागलं. ज्वारीच्या ताटातलं भेंड, बांबूच्या कामट्या, पतंगाचा कागद आणि खळ, एवढ्यावर त्याचा कारखाना. पहिल्या विमानाला पतंगासारखं चिंधीचं शेपूट बांधलं. ते शेपटावरच खाली बसलं आणि सगळं जिन हसलं. पुढची विमानं उडाली, पण कयाधू नदीपलीकडं हरवली. त्याला विमान फिरून हाती यायला हवं होतं. "परमुलखात बिनतारी यंत्रानं वळवतेत म्हणं," तो सांगायचा. "आपल्याकडं ते न्हाई. आपून शेपटीला आधीच सांगून ठिवायचं." शेपटीची उभी पाटी जास्त वळवली की विमान गरगरत आपटायचं. माझं डोकं खाऊन खाऊन शेवटी त्यानं उभी पाटी नावापुरती वळवली, आडवी मात्र एका अंगाला तिरकी चिकटवली. विमान मोठा फेरा घेऊन पायाशी उतरलं. त्याची बायको सरूवहिनी विमानाला 'इमान' म्हणायची. तो चिडवायचा, "इमान हाय म्हणून तर परत येतंय."

तेरावं झाल्यावर वहिनींनी ते विमान माझ्या हातात दिलं. "भाऊजी, मसणातून येतानी मागं वळून बघू नये म्हनतेत. मंग हे काहून फिरून येतंय? काल सोडलं तर पायाशीच बसलं. त्यायचा जीव अडकून राहिला. शेपूट सरळ करा... जाऊ द्या त्यांना."

नदीकाठच्या वावरात मी उभी पाटी अंगठ्यानं सरळ केली आणि विमान सोडलं. ते पाण्यावर गेलं. वहिनींनी हात जोडले. तेवढ्यात एक पंख कलला, आणि ते वळलं. वहिनींच्या पायाशी येऊन बसलं. खरं सांगतो, मला भीती वाटली. मग आडवी पाटी आठवली. ती त्याच्या हातची, खळीनं पक्की बसलेली. सरळ करायची तर मोडावी लागणार. तसं मी सांगितलं.

वहिनींनी वाकून पंखावरची माती पुसली. मग विमान पदरात घेऊन म्हणाल्या, "नका मोडू."

आता ते त्यांच्या दारातल्या खुंटीवर असतं. दिवस कलला की त्या वावरात जाऊन एकदा सोडतात आणि उभ्या राहतात. परवा मला म्हणाल्या, "इमानाचा कागद फाटून राहिला, भाऊजी." मी नवा कागद चिकटवून दिला. आडव्या पाटीला हात लावला नाही.