कादंबरीवर ठराव

आमच्या वाडीतल्या विहारात दर रविवारी संध्याकाळी वंदना झाली की अभ्यास मंडळ बसतं. एक जण पत्रक मोठ्याने वाचतो. मग फेरी होते, म्हणजे बसलेल्या प्रत्येकाने आपलं मत सांगायचं. आणि शेवटी ठराव. सूचक, अनुमोदक, हात वर. ठराव झाल्याशिवाय कोणी चटईवरून उठत नाही. मी अक्षरं शिकले तीही या पत्रकांवरच. ‘निषेध’ हा शब्द मला ‘कमळ’च्या आधी वाचता येत होता.

अशा मंडळात मी यंदा कादंबरी नेली.

एम.ए.ला मला कुमारवयीन वाचकांसाठी लिहिलेली एक इंग्रजी कादंबरी अभ्यासाला होती. दहावीतला मुलगा. शाळेत कोणाशी बोलत नाही. सर एकेकाला उभं करून प्रश्न विचारायला लागले की हा पाण्याची बाटली उचलतो आणि नळावर जातो. वर्गातल्या अर्ध्या मुलांनी त्याचा आवाजही ऐकलेला नाही. पहिल्या वाचनात मी समासात रागाने ‘अरे, बोल ना!’ असं लिहीत गेले. दुसऱ्या वाचनात तो राग त्याच्यावरून उठला आणि शाळेवर जाऊन बसला. मग मला राहवेना. आमच्या पत्रकांत माणसं एक तर बोलतात, नाही तर त्यांना ‘बोला, उठा’ म्हणून सांगितलं जातं. न बोलणाऱ्याच्या डोक्यात काय चाललेलं असतं, हे मी कधी वाचलंच नव्हतं. ते वाडीला कळलंच पाहिजे, असं मी ठरवून टाकलं.

बाबा मंडळाचे अध्यक्ष. एसटीत कंडक्टर, त्यामुळे आवाज शेवटच्या सीटपर्यंत जाणारा.

“गोष्टी घरी वाच,” ते म्हणाले. “तिथं कामाचं वाचायचं.”

“हे कामाचंच आहे.”

“मग यातून ठराव काय निघणार?”

दोन जेवणं आमची भांडणात गेली. शेवटी तोड निघाली. मला एक रविवार मिळणार. ठराव निघाला तर पुढचे रविवार कादंबरीचे. नाही निघाला तर पुस्तक पिशवीत, आणि विहारात कादंबरीचं नाव पुन्हा काढायचं नाही.

त्या रविवारी मी उभी राहिले तेव्हा कान तापले होते. डोळ्यांनी इंग्रजी वाचायचं आणि तोंडाने मराठी बोलायचं, अशी कसरत. पण दुसऱ्या पानावर चुळबुळ थांबली. नळाचा प्रसंग आला आणि आत्या फिसकन हसली.

“हा तर आमच्या वहिनीचा भाऊ शोभतो गो!”

सगळे हसले, कारण ते खरं होतं. फेरी सुरू व्हायच्या बेतात आली की आत्याची ही वहिनी, म्हणजे माझी आई, चहा टाकायला मागच्या पडवीत जाते. इतक्या वर्षांत तिच्यावर बोलायची पाळी आलेलीच नाही. चहा फक्कड होतो, म्हणून कोणाला ते खटकलंही नाही. आताही ती पडवीतच होती. स्टोचा आवाज मात्र बंद झाला.

वाचन संपलं आणि फेरी सुरू झाली. जयगडच्या बंदरात कामाला असलेले शेजारचे काका आधीच गुडघ्यांवर आले होते.

“त्या मुख्याध्यापकाचं नाव सांग.”

“काका, तो पुस्तकातला आहे.”

“असू दे. निषेध करायला काय हरकत?”

मग जो तो तुटून पडला. पालक काय करतात? त्याने लेखी तक्रार का दिली नाही? कोणी शाळेवर मोर्चा न्यायला निघालं. मी तर हवेतच होते. ही माणसं एका कागदावरच्या मुलासाठी भांडत होती! बाबांनी घसा साफ केला आणि काकांनी निषेध सोडून शेवटी मांडलेला ठराव मोठ्याने सांगितला: सदर विद्यार्थ्याने उद्याच वर्गात उभं राहून आपलं म्हणणं निर्भयपणे मांडावं, असं आवाहन हे मंडळ करत आहे.

ठराव निघाला! आत्याने अनुमोदनाला हात वर केला.

“आणि त्याला नसेल बोलायचं तर?”

दारात आई उभी होती. एका हातात किटली, दुसऱ्या हातात कप.

बाबा गोंधळले. “अगं, फेरी संपली.”

“मी कुठं फेरीत बोलतेय? मी चहा देतेय.” ती आत आली. “तुम्ही सगळे मिळून त्याला परत उभंच करताय. तो सर तरी एकटा होता.”

आत्याने हात खाली घेतला.

“न बोलून न्याय मिळतो काय?” काका तडकले.

“आधी ऐकणारा तरी नको?” आत्या म्हणाली, आणि पुन्हा गलका सुरू झाला. बाबा अनुमोदक शोधत सगळ्यांकडे बघत होते. एकच हात हवा होता. माझाही चालला असता, आणि पुढचे सगळे रविवार माझे झाले असते. मी पुस्तक दोन्ही हातांनी घट्ट धरलं.

“अनुमोदक नाही,” बाबा म्हणाले. “ठराव बारगळला. ठरलं ते ठरलं. पुस्तक पिशवीत ठेव, बाय.”

“थांबा, थांबा!” काका उभेच राहिले. “म्हणजे त्या पोराचं पुढे काय होतं ते कळायचंच नाही? छे! मी नवीन ठराव मांडतो. अर्धवट माहितीवर मंडळ मत देणार नाही. पुस्तक शेवटपर्यंत वाचावं, मग बोलू.”

“अनुमोदक?”

आईचे दोन्ही हात अडकलेले. तिने किटली वर केली.

बाबा किटलीकडे बघत राहिले. नियमात ते कुठे बसत होतं कोण जाणे.

“किटली धरली जाईल,” ते म्हणाले.

सोमवारी राजापूरच्या गाडीवर ड्यूटी होती. बॅग खांद्याला लावून बाबा निघाले, उंबऱ्यातून परत आले आणि हळूच म्हणाले, “तो नळावर जायचा थांबतो का, एवढंच सांग.”

“रविवारी कळेल.”

“अगं, अध्यक्षाला आधी माहीत नको?”

“सांगू नको हां, बाय,” आई आतून ओरडली.